तोंड आलं म्हणजे गुण आला असं नव्हे

रेडिएशनच्या मशीनबाहेरच्या बाकांवर मी जवळपास आठ आठवडे काढले आहेत. आजारी माझे दाजी होते. जिभेच्या मुळाशी गाठ, ती मानेपर्यंत उतरलेली. पस्तीस सिटिंग, सोमवार ते शुक्रवार रोज एक, आणि दर तीन आठवड्यांनी सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन. त्या बाकांवर नवा माणूस येऊन टेकला की जुने त्याला ठरलेले प्रश्न विचारत.

"किती झाले?"

"सतरा."

"तोंड आलं का?"

"आलं की. पाणीसुद्धा झोंबतं."

"मग लागू पडतंय. काळजी करू नका."

हा दिलासा देणारी माणसं मनाने फार चांगली होती. परगावच्या पोरांना आपल्या डब्यातली खिचडी देणारी, सलाईनच्या दिवशी एकमेकांच्या फाईली सांभाळणारी. त्यांच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्या त्या एका वाक्याने माझ्या घरात नुकसान केलं, आणि असं नुकसान घरोघर होत असणार याची मला खात्री आहे. म्हणून ते वाक्य खोडून काढायला मी बसलो आहे.

आपल्याकडे रेडिएशनला कुणी ‘लाईट’ म्हणतं, कुणी ‘शेक’. ‘शेक’ या एका शब्दात सगळा समज भरलेला आहे. शेक दिला म्हणजे उष्णता आली. उष्णता आली म्हणजे भाजणं आलं. वरून एवढं भाजलं तर आतली गाठ जळलीच असेल; आणि भाजलं नाही तर शेक पोचलाच नसेल. मग सोसायचं. जो जास्त सोसेल त्याला गुण जास्त. हे फक्त खेड्यातलं बोलणं आहे असं कुणी समजू नये. शिकल्यासवरल्या घरांत हेच वेगळ्या शब्दांत बोललं जातं, आणि दवाखान्यातही "एवढं तर होणारच" म्हणून पान उलटलं जातं.

या पक्षाच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी पुरतं मांडतो, कारण ते पोकळ नाही.

पहिली गोष्ट, तोंडाघशावर पूर्ण मात्रेचं रेडिएशन घेणाऱ्या बहुतेक सगळ्यांना तोंड येतंच. ते टाळून दाखवणारं औषध आजही कुणाकडे नाही. दुसरी, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने विकसनशील देशांतल्या नऊ केंद्रांत ९०८ रुग्णांवर एक चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०१० साली आले. मात्रा तीच, सिटिंग तेवढेच. फक्त एका गटाला आठवड्याला पाच आणि दुसऱ्याला सहा. सहावाल्यांपैकी ४२ टक्क्यांची गाठ पाच वर्षांनंतरही आटोक्यात होती, पाचवाल्यांत हे प्रमाण ३० टक्के होतं. आणि तोंडभर पसरलेले व्रण सहावाल्यांनाच अधिक झाले. तिसरी गोष्ट सगळ्यांत बोचणारी. त्रास कमी व्हावा म्हणून इलाज सौम्य करायला गेलेले हात पोळून परतले आहेत. एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरमध्ये सिसप्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब हे दुसरं औषध देऊन पाहिलं गेलं. २०१९ साली ३३४ रुग्णांचा निकाल आला: गंभीर त्रास दोन्हीकडे सारखाच, आणि दोन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण सिसप्लॅटिनच्या बाजूला ९७.५ टक्के, सेटुक्सिमॅबच्या बाजूला ८९.४. आपल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयाने ३०० रुग्णांत सिसप्लॅटिनची तीन आठवड्यांची मोठी मात्रा आणि दर आठवड्याची ३० मिलिग्रॅमची छोटी मात्रा यांची तुलना केली. छोट्या मात्रेने त्रास कमी झाला खरा, पण दोन वर्षांनी रोग जागेवर आटोक्यात राहण्याचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५८.५ वर आलं. चौथी गोष्ट, ज्यांना जास्त तोंड आलं ते जास्त जगले असं दाखवणाऱ्या काही दवाखान्यांच्या जुन्या नोंदीही आहेत.

एवढा पुरावा समोर ठेवून कुणी म्हणालं की बाबा, त्रास आणि गुण हातात हात घालूनच येतात, तर त्याला वेड्यात काढता येत नाही. त्याला उत्तर द्यावं लागतं.

सुरुवात ‘शेक’ या शब्दापासूनच करू. रेडिएशनची मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात. एक ग्रे म्हणजे एक किलो शरीरात एक ज्यूल ऊर्जा. रोजच्या सिटिंगला साधारण दोन ग्रे मिळतात. एक किलो पाण्याचं तापमान एका अंशाने चढवायला जवळजवळ ४,२०० ज्यूल लागतात, तर दोन ज्यूलने ते चढेल अंशाच्या दोन हजाराव्या हिश्शाने. पस्तीस सिटिंगची मिळून ७० ग्रे मात्रा एकाच वेळी दिली असं धरलं तरी तापमान अंशाच्या साठाव्या भागाइतकंच वाढेल. कोमट चहाच्या एका घोटाने तोंडाला याहून कितीतरी जास्त शेक बसतो. उष्णता इथे नाहीच. किरण पेशीच्या केंद्रकातला डीएनएचा धागा तोडतात. तो धागा धड जोडता आला नाही की पेशी पुढच्या विभाजनाच्या वेळी मरते. कॅन्सरच्या पेशी ही जोडणी नीट करत नाहीत, निरोगी पेशी बऱ्याच अंशी करतात, आणि या फरकावरच सगळा उपचार उभा आहे.

मग तोंड का येतं? गालाच्या आतलं अस्तर रोज झिजत असतं आणि खालच्या थरातल्या पेशी विभागून ती झीज रोज भरून काढत असतात. शेणाने सारवलेल्या अंगणासारखं. सारवण रोज होतं तोवर अंगण नितळ. सारवणारी बाई आजारी पडली तर पहिले काही दिवस कळतही नाही, मग पोपडे सुटायला लागतात. किरणांनी खालच्या थरातल्या पेशी कमी होतात, वरचं अस्तर नेहमीप्रमाणे झिजत राहतं, आणि दोन-अडीच आठवड्यांनी उघडं मांस दिसू लागतं. म्हणूनच पहिल्या पंधरवड्यात फारसं काही होत नाही. म्हणूनच शेवटचं सिटिंग झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे दुखणं वाढतं, आणि महिना-दीड महिन्यात, सारवण पुन्हा सुरू झालं की, तोंड बरं होतं. या सगळ्या घडामोडीत गाठीचा कुठेच संबंध नाही. तोंड आलं याचा अर्थ इतकाच की तोंडाच्या अस्तरावर किरण पडले. गाठीवर किती पडले आणि तिने काय केलं हे ते अस्तर सांगू शकत नाही.

इथे थोडं मागे जायला हवं. शंभर वर्षांपूर्वी रेडिएशन खरोखरच ‘सोसा किंवा मरा’ अशा रीतीने दिलं जाई. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लोद रेगो हे मेंढ्याच्या अंडकोशांवर प्रयोग करत होते. बीज तयार करणाऱ्या पेशी भराभर विभागतात, म्हणून त्यांना कॅन्सरचा नमुना मानलं होतं. एकाच बैठकीत मोठी मात्रा दिली की वरची कातडी सडून जाई, आणि तरीही बीज बंद होईलच असं नसे. तीच गोष्ट थोडी थोडी करून काही आठवड्यांत वाटून दिली, तर कातडी शाबूत राहून बीज बंद होई. त्याच संस्थेत आँरी कुतार यांनी ही रीत माणसाच्या स्वरयंत्राच्या कॅन्सरला लावली आणि १९२२ साली पॅरिसच्या परिषदेत बरे झालेले रुग्ण सांगितले. दाजींना पस्तीस दिवस रोज यावं लागलं त्याचं मूळ हे आहे. निरोगी कातडीला कमी त्रास द्यायचा म्हणून मात्रा वाटली, आणि त्या वाटणीनेच घशाचा कॅन्सर बरा होण्याजोगा झाला. ज्या विद्येचा जन्मच त्रास आणि गुण यांची फारकत करण्यातून झाला, तिच्या दारात बसून आपण दोघांची गाठ मारतो आहोत, याचं मला फार वाईट वाटतं.

ही फारकत पुढे किती झाली ते लाळेच्या उदाहरणात स्वच्छ दिसतं. कानाखाली, गालाच्या मागे दोन मोठ्या लाळग्रंथी असतात. जुन्या पद्धतीत दोन्ही बाजूंनी सरळ झोत सोडला की त्या त्यात सापडत आणि कायमच्या सुकत. लाळ सुकली म्हणजे भाकरीचा घास तोंडात भुगा होऊन फिरतो, रात्री दहादा उठून पाणी प्यावं लागतं, वर्षभरात दात किडून तुटू लागतात. पुढे झोताचा आकार आणि जोर जागोजाग कमीजास्त करणारी आयएमआरटी आली. ब्रिटनमध्ये ९४ रुग्णांवर तुलना झाली, निकाल २०११ साली आला. वर्षानंतर तोंडाला बऱ्यापैकी कोरड असणारे जुन्या पद्धतीत ७४ टक्के, नव्या पद्धतीत ३८. टाटा रुग्णालयानेही ६० रुग्णांत अशीच तुलना केली; उपचाराच्या काळातला लाळेचा त्रास ८९ टक्क्यांवरून ५९ वर आला. दोन्ही ठिकाणी रोग आटोक्यात राहण्यात उणेपणा दिसला नाही. २०२३ साली त्याच ब्रिटिश गटाने ११२ रुग्णांत गिळण्याच्या स्नायूंवरची मात्रा मुद्दाम कमी ठेवून पाहिली. वर्षानंतर गिळण्याच्या गुणपत्रिकेत त्या रुग्णांना सरासरी ७७.७ गुण मिळाले, नेहमीच्या पद्धतीत ७०.६. लाळग्रंथीत कॅन्सर नव्हता, घशाच्या मागच्या स्नायूंतही नव्हता. त्यांनी जे सोसलं असतं त्यातून गाठीला काहीच होणार नव्हतं. असा त्रास हा उपचाराचा हिस्सा नाही. ती सांडलवंड आहे.

आता पूर्वपक्षाच्या पुराव्याकडे येतो. ज्यांना जास्त तोंड आलं ते जास्त जगले, या नोंदींत कोण मोजले गेले हे पाहायला हवं. ज्यांनी मात्रा पूर्ण घेतली त्यांना तोंड येणार. जे आधीच खंगलेले होते, मध्येच सोडून गेले, ज्यांची मात्रा घटवावी लागली, त्यांना तोंडही कमी येणार आणि ते जगणारही कमी. पूर्ण उपचार हे कारण. व्रण आणि आयुष्य ही त्याची दोन फळं. एक फळ दुसऱ्याचं कारण होत नाही.

टाटाच्या सिसप्लॅटिनच्या तुलनेतून निघतं ते इतकंच, की अंदाजाने मात्रा उतरवली तर रोग डोकं वर काढतो. पण गोष्ट तिथे संपली नाही. जपानमध्ये दर आठवड्याला ३० ऐवजी ४० मिलिग्रॅम देऊन शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत मोजलं गेलं. २०२२ साली निकाल आला की आयुष्याच्या बाबतीत ही पद्धत मोठ्या मात्रेपेक्षा कमी पडत नाही, आणि त्रास कमी. त्रास कमी करता येतो. तो मोजून कमी करावा लागतो, दया आली म्हणून नव्हे.

आणि आठवड्याला सहा सिटिंगची ती चाचणी. पूर्वपक्षाचा सगळ्यांत मजबूत खांब म्हणून ती पुढे केली जाते, पण माझ्या मते तीच त्याला खाली आणते. तिथे मात्रा वाढवली नव्हती. वाचवला होता एक आठवडा. उपचार सुरू होऊन साधारण चार आठवडे झाले की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जास्त वेगाने वाढू लागतात, हे १९८८ सालीच दाखवलं गेलं आहे. तिथून पुढचा प्रत्येक दिवस रोजच्या मात्रेतला काही भाग खाऊन टाकतो. एक आठवडा वाचवल्याने शंभरातल्या बारा जणांचा रोग जास्त आटोक्यात येत असेल, तर एक आठवडा वाया घालवल्याने काय होत असेल? आणि माणसं आठवडा कशापायी वाया घालवतात? तोंड आलं म्हणून. न आवरलेलं दुखणं गुण आणत नाही. ते खंड पाडतं, आणि खंड गुण घालवतो.

माझ्या घरात हेच झालं. चोविसाव्या सिटिंगनंतर ताईचा रात्री फोन आला. "त्यांना आणखी भाजू नका म्हणावं रे. कातडं शेकून निघालंय. इलाज लागू पडलाय असं सगळे म्हणतायत, मग चार दिवस दम खाल्ला तर काय बिघडणार आहे?" बघा, एकाच समजाची ही दोन टोकं. भाजलं म्हणजे लागू पडलं. आणि लागू पडलंच आहे, तर थांबायला हरकत नाही. दाजी चार दिवस गावी जाऊन राहिले. दवाखान्यातून कुणी विचारणा केली नाही. पाचव्या दिवशी मी त्यांना गाडीत घालून परत आणलं तेव्हा ते काही बोलत नव्हते. तोंड उघडलं की लाळेची चिकट तार लोंबायची, ती पुसायला त्यांनी पंचा हातातच धरला होता. चार दिवस पोटात पाणीही नीट गेलं नव्हतं. टेबलावर निजवून चेहऱ्यावरची जाळी लावली, तर ती गालाशी सैल. जाळी म्हणजे प्लास्टिकचा तो मास्क, जो गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बेतायचा आणि टेबलाला खटक्यांनी अडकवायचा, म्हणजे मान रोज त्याच जागी राहते. ६४ किलोचे दाजी ५६ वर आले होते. जाळी पुन्हा करावी लागली, स्कॅन पुन्हा, आखणी पुन्हा. आणखी दोन दिवस गेले.

वजन नुसतं दुखण्याने गेलं नव्हतं. ‘शेक’ म्हटल्यामुळे घरात पथ्य सुरू झालं होतं. अंडं उष्ण, म्हणून बंद. मासे उष्ण, गूळ उष्ण, शेंगदाणे उष्ण. शेकावर आणखी उष्ण नको म्हणून उरलं काय, तर साबुदाण्याची खीर आणि शहाळ्याचं पाणी. ज्या शरीराला अस्तर पुन्हा विणायचं आहे त्याचं सूतच आपण काढून घेतलं. मानेला पाणीही लागू दिलं जात नव्हतं. त्वचा हलक्या साबणाने आणि पाण्याने धुतल्यास किरणांची प्रतिक्रिया वाढत नाही, हे नव्वदच्या दशकापासून तपासलं गेलं आहे. आणि जाळी असेल तर खुणा जाळीवर असतात, मानेवरून पुसल्या जाण्याचा प्रश्नच येत नाही. तरी दाजी दीड महिना मान न धुता राहिले. एक शब्द चुकीचा रुजला की त्याची मुळं कुठवर जातात ते मी असं पाहिलं.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत काय केलं ते सांगतो, कारण त्यात महागडं असं जवळजवळ काहीच नव्हतं. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, आणि दर दोन तासांनी हलक्या गुळण्या. याने व्रण टळत नाहीत. तोंड स्वच्छ राहतं, चिकटा सुटतो आणि बुरशीला वाव कमी मिळतो. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश बंद केलं. रेडिएशनच्या व्रणांना प्रतिबंध म्हणून ते वापरू नये असं जाणकारांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचं मत आहे. त्याऐवजी बेंझिडामाइन. बुरशीचा पांढरा थर दिसला होता, त्याला वेगळं औषध. आणि मॉर्फीन. मॉर्फीनच्या नावाने घर हादरलं, "अफूची सवय लागेल" म्हणून. डॉक्टरबाईंनी फार शांतपणे सांगितलं की दुखण्याच्या मापाने दिलेलं मॉर्फीन पुढे दुखणं उतरलं की आम्ही उतरवत आणू, आणि तसंच झालं. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी, मग गार नाचणीची पेज, त्यात अंड्याचा बलक आणि दूध-पावडर घोटलेली. मिरची, लिंबू, ताक बंद. नाकातून नळीही घातली, पण रोज चार-पाच वेळा दोन-दोन घोट तोंडाने गिळायचेच, ही अट.

ही अट मला त्या वेळी क्रूर वाटली होती. नंतर कळलं की तिच्यामागे भक्कम कारण आहे. पायाचं प्लास्टर काढल्यावर पोटरी सुकलेली दिसते ना, तसेच गिळण्याचे स्नायू न वापरल्याने सुकतात आणि आखडतात. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्राने घशाच्या कॅन्सरच्या ४९७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या: उपचारभर तोंडाने काही ना काही खात राहिलेले आणि गिळण्याचे व्यायाम केलेले रुग्ण सर्वांत चांगले खाण्यावर परतले. व्यायाम म्हणजे तरी काय? जिभेचं टोक पुढच्या दातांत हलकं धरून कोरडा आवंढा गिळायचा. गिळताना कंठमणी वर जातो, तो क्षणभर वरच धरून ठेवायचा. आणि जबडा. तीन बोटं उभी तोंडात जातात का, हे रोज आरशासमोर पाहायचं; दाताच्या डॉक्टरकडे मिळणाऱ्या आइस्क्रीमच्या काडीसारख्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, आठवड्याला एखादी वाढवायची. आपल्याकडे याला दुप्पट महत्त्व आहे. सुपारी, मावा, खर्रा, गुटखा यांनी कित्येकांचं तोंड कॅन्सरच्या आधीच दोन बोटांवर आलेलं असतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण त्या बाकांवर बसलेल्यांत पूर्ण तोंड उघडणारा माणूस मला क्वचितच दिसला.

तंबाखूबद्दल थोडेच आकडे. कॅनडातल्या एका अभ्यासात, १९९३ साली छापलेल्या, रेडिएशन चालू असताना धूम्रपान सुरू ठेवणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण विरघळली. त्या काळात न ओढणाऱ्यांत ७४ टक्क्यांची. दोन वर्षांनी जिवंत असलेले ३९ टक्के आणि ६६ टक्के. तंबाखू व्रणही वाढवते आणि गुणही खाते. त्रास वाढला की गुण वाढतो म्हणणाऱ्यांनी हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

या विषयात दुसरा एक समज पैसेवाल्या घरांत आहे, त्याचाही समाचार थोडक्यात घ्यायला हवा: मशीन महागातलं घेतलं की त्रास होत नाही. प्रोटॉनची केंद्रं आता चेन्नईत आणि आपल्या खारघरला आहेत, आणि निवडक रुग्णांना त्यांचा खरा उपयोग आहे. पण अस्तरावर गाठ असेल तर अस्तराला मात्रा मिळणारच, किरण कोणतेही असोत. फ्रान्समध्ये १३२ रुग्णांत दर आठवड्याला नव्याने आखणी करून पाहिली, लाळ काही जास्त वाचली नाही. दुसरीकडे, साधा कमी शक्तीचा लेझर. मणिपालच्या संशोधकांनी २२१ रुग्णांत खरा आणि खोटा लेझर देऊन तुलना केली तेव्हा तीव्र व्रण, दुखणं आणि मॉर्फीनसारख्या औषधांची गरज, तिन्ही घटली. सिटिंगआधी काही मिनिटांचं काम. आंतरराष्ट्रीय मंडळ त्याची शिफारस करतं. तरी तो किती केंद्रांत रोज दिला जातो, हे त्या त्या केंद्रात जाऊन विचारा. ज्याला सरकारी योजनेतून कोबाल्टचं मशीन मिळालं आहे, त्याच्याही हातात गुळण्या, आहार, व्यायाम, वेळेवर नळी, दुखण्याचं औषध आणि एकही दिवस न चुकवणं एवढं आहेच. तेवढ्याने फार मोठा फरक पडतो. मात्र त्यासाठी त्याला पहिल्या दिवशी कुणीतरी अर्धा तास देऊन हे सांगायला हवं. "होणारच" म्हटलं की तो अर्धा तास कुणी देत नाही. माझा राग आहे तो यावर.

पहिल्या दिवसाच्याही आधी करायची एक गोष्ट राहिली, ती दातांची. जबड्याच्या हाडाला साठ ग्रेच्या वर मात्रा मिळाली की त्या भागातला रक्तपुरवठा आयुष्यभर उणा राहतो. तिथला दात पुढे कधी उपटला तर जखम न भरण्याचा, हाड उघडं पडून कुजू लागण्याचा धोका असतो. दाब दिलेल्या प्राणवायूच्या कोठडीत बसवल्याने हे टळतं असं बरीच वर्षं मानलं गेलं. ब्रिटनमधल्या चाचणीत कोठडीत बसलेल्यांपैकी ६.४ टक्क्यांना आणि न बसलेल्यांपैकी ५.७ टक्क्यांना हाड कुजण्याचा त्रास झाला, म्हणजे उपयोग शून्य. तेव्हा जे दात टिकणार नाहीत ते आधीच, जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळतील असे काढायचे. जे ठेवले त्यांना रोज फ्लोराइड लावायचं, कायम. लाळ कमी असलेल्या तोंडात नुसता ब्रश पुरत नाही.

दाजींचे चार दात सुरुवातीला काढले होते, तेव्हा ताई चिडली होती की कॅन्सर जिभेला आणि दात कशाला काढता. गेल्या पावसाळ्यात त्यांची उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. रेडिएशनला तोवर चार वर्षं झाली होती. गावातल्या दाताच्या डॉक्टरांनी खुर्चीत बसायला सांगितलं, तर दाजींनी आधी पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरातला कागद काढून टेबलावर ठेवला. जबड्याच्या चित्रावर लाल, पिवळ्या, निळ्या रेषा, कुठे किती मात्रा पडली याचा नकाशा. डॉक्टरांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला, दाढ नेमकी लाल पट्ट्यात होती. त्यांनी चिमटा बाजूला ठेवला आणि दाढ न काढता मुळाची नळी साफ करून भरायचं ठरवलं. चार बैठकी लागल्या. दाढ अजून तोंडात आहे.